तोटी

आमचे गाव घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात. सातपुडा अगदी समोर. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच. त्यामुळे घरी मी काहीही करू लागलो की 'पोरगं शिकलेलं आहे' म्हणून कोणी अडवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावसभाऊ पुण्याहून आला. तो हॉटेलात कामाला आहे. पुण्यात २००९ पासून जागच्या जागी बिअर तयार करून देणारी हॉटेले निघाली आहेत. "फ्रीजमध्ये पोलादी पिंप, त्याला कार्बन डायऑक्साइडची टाकी, दाराला तोटी. वायूच्या दाबाने बिअर आपोआप येते. आपण घरीच करू!" तो म्हणाला. मला ती युक्ती भलतीच आवडली. भंगारातून जुना फ्रीज आणला, नवी तोटी आणली. परवान्यावाचून घरी बिअर करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे त्या उत्साहात कोणाच्या ध्यानात!

आजी ओसरीवरून पाहत होती. "याच्यात काय भरता रे?"

मी सांगितले. ती रागावली नाही.

"थंड पान्याचीच सारी करामत हाय, बापा."

आमच्या घरी पूर्वी मोहाची भट्टी होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आंबवलेली फुले मडक्यात उकळायची. वरच्या भांड्यातले पाणी गार असले, तरच वाफेचे थेंब होतात. ते पाणी बदलण्याचे काम आजीचे.

"पानी म्या बदललं, अन् बुढा पिऊ पिऊ गेला."

आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले, असेच आम्हांला सांगितलेले होते.

फ्रीज भंगारात परत गेला. तोटी उरली. ती आजीनेच रांजणाला लावायला सांगितली. पहिला रांजण भोक पाडताना तडकला. दुसऱ्याला कुंभाराने माती ओली असतानाच भोक ठेवले. खाली ओली वाळू, भोवती भिजवलेले गोणपाट. झिरपलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. घाटाखालचे वैशाखातले ऊन या कामी मोठे उपयोगी!

रांजण एस.टी.च्या थांब्यावर ठेवला. आजी रोज पहाटे शिळे पाणी ओतून ताजे भरते. काम जुनेच आहे, पाणी बदलण्याचे. फक्त आता ते पिऊन माणूस आपल्या पायांनी घरी जातो.