ग्वाल्हेरची एक रात्र आणि २४० चमचे

ग्वाल्हेरला उतरलं की मराठी माणसाला पाट्या वाचतानाच थोडं घरी आल्यासारखं वाटतं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या तळाचंच पुढे शहर झालं. त्याचं नाव आजही लष्कर. दौलतगंज, महाराज बाडा, शिंद्यांची छत्री ही नावं हिंदी बोलणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकताना गंमत वाटते. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. भा. रा. तांबे याच शहरात राजकवी होते. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांचं आजोळ किंवा सासर ग्वाल्हेर, इंदूर, झाशी या पट्ट्यातलं आहे. माझ्या सासूबाईंचं माहेर लष्करातलं. म्हणून गेल्या डिसेंबरात भारतात गेलो तेव्हा पुण्याहून त्यांना सोबत घेतलं आणि चार दिवस ग्वाल्हेरसाठी राखून ठेवले. तिथून रेल्वेने दिल्ली आणि दिल्लीहून परतीचं विमान, असा बेत होता.

पहिला दिवस किल्ल्यावर गेला. आमची लेक साडेचार वर्षांची. मानसिंग तोमराच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरश्यांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे, ती तिने तीनदा मोजली. वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी त्यात २७० हात अशी कोरलेली आहे. त्यातलं शून्य आपण आज काढतो तसंच, छोटं गोल. भारतात अंकांमध्ये लिहिलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या कोरीव नमुन्यांपैकी हा एक. लेकीला ते गोल फार आवडलं.

दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास तिला पहिली उलटी झाली. पहाटे तीनपर्यंत पाच उलट्या आणि चार जुलाब झाले, अंगात तापही भरला. सोबत ओआरएसची पाकिटं होती. मामींनी पाणी उकळून गार करून दिलं आणि मी चमच्याने पाजायला सुरुवात केली. पण दोन चमचे पोटात गेले की ती तोंड फिरवायची. उजाडेपर्यंत तिचे ओठ कोरडे पडले होते. रात्री नऊनंतर तिला लघवी झालेली नव्हती. एरवी झोपेतही बडबडणारी पोर हाक मारली तर नुसते डोळे उघडून पुन्हा मिटत होती.

दिल्लीची गाडी दुपारची होती. नवऱ्याचं म्हणणं असं की गाडीत तिला झोपवून नेऊ आणि दिल्लीत मोठ्या हॉस्पिटलात दाखवू. तिथे विम्याचंही सोपं पडेल. परदेशातून आलेल्या माणसाला हा विचार सुचणं अगदी साहजिक आहे. तेव्हा त्याचे मामा म्हणाले, "अरे, दिल्लीत डॉक्टर मोठे आहेत हे खरं. पण बाहेर धुकं बघ. गाडी मध्येच कुठे उभी राहिली तर तिथे कोण आहे? सूनबाई, तू पोरीला गुंडाळ. आपले डॉक्टर पाच मिनिटांवर आहेत."

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. आजारी मुलाला पुढच्या मोठ्या शहराच्या भरवशावर गाडीत घालायचं नाही. ग्वाल्हेर ते दिल्ली सव्वातीनशे किलोमीटरसुद्धा नाही. एरवी ते चार-पाच तासांत पार होतं. पण डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उत्तरेतल्या गाड्या कितीही रखडतात. अंगातलं पाणी कमी झालेल्या लहान मुलाच्या हातात तेवढे तास नसतात. मुलाला आधी स्थिर करायचं, प्रवासाचं नंतर बघायचं.

बालरोगतज्ज्ञांनी नाडी बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती हळू सपाट होते ते पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. वजन किती? शेवटची लघवी कधी झाली? उलटीत हिरवं किंवा जुलाबात रक्त होतं का? कोणतं औषध दिलं, किती वाजता, किती मिली? लसी कोणत्या झाल्या आहेत? मी फोनमध्ये वेळा लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे पटापट सांगता आलं. डॉक्टरांनी लेकीला हिंदीत विचारलं, "पेट में कहाँ दर्द है?" तिला हिंदी येत नाही. ती माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात शेजारच्या नर्सबाई वाकून म्हणाल्या, "कुठे दुखतंय गं बाळा?" लेकीने बोट दाखवलं. नर्सबाई लष्करातल्याच, चौथ्या पिढीच्या. घरात मराठी टिकवण्याबद्दल आपण मंडळात पुष्कळ बोलतो. त्या सकाळी त्या मराठीने साडेचार वर्षांच्या मुलीला आपलं दुखणं स्वतः सांगता आलं.

सलाइन लागेल असं मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, आधी तोंडाने देऊन बघू. उलटी थांबण्याचं एक औषध दिलं आणि हिशोब सांगितला. वजनाच्या प्रत्येक किलोला ७५ मिली ओआरएस, चार तासांत. आमच्या लेकीचं वजन १६ किलो, म्हणजे १२०० मिली. पाच मिलीच्या चमच्याने मोजलं तर २४० चमचे. चार तासांची मिनिटंही २४०च. मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी सावकाश, सुरू करायचं. घोटघोट पाजलं तर पोट फेकून देतं, चमचा चमचा दिलं तर ठेवून घेतं.

आम्ही तिथल्याच एका खोलीत बसलो. एक तास मी, एक तास नवरा, एक तास सासूबाई, एक तास मामी. ऐंशीच्या आसपास एकदा उलटी झाली. दीडशेनंतर लेक स्वतः तोंड उघडू लागली. दोनशेच्या पुढे तिने विचारलं, "अजून किती?" अकराच्या सुमाराला लघवी झाली आणि सासूबाईंनी खोलीतच हात जोडले.

या साध्या मीठ-साखरेच्या पाण्यामागे मोठी गोष्ट आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं द्रावण पिंपांमधून वाटलं आणि ते नातेवाइकांनीच पेशंटला पाजावं अशी सोय केली. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. चमचा घरच्या माणसाच्या हातात देण्याची पद्धत तेव्हापासून जगभर रुजली.

दुपारी मामांनी खिडकीतून कंपूच्या दिशेला हात केला. "हिला भरती करायची वेळ आली असती तर तिकडे नेली असती." तिथे जयारोग्य रुग्णालय आहे. जयाजीराव शिंद्यांच्या नावाचं, १८९९ चं. त्याला जोडलेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झालं. स्त्रिया आणि मुलांसाठीच्या कमलाराजा रुग्णालयाला जिवाजीरावांच्या भगिनींचं नाव आहे. मामांची पिढी त्याच आवारात जन्मली. आपण जयविलास राजवाडा बघायला तिकीट काढतो, हे मात्र प्रवासाच्या यादीत कुणी लिहीत नाही. खरं तर कुठल्याही गावी जाण्याआधी तिथलं मुलांचं हॉस्पिटल कुठे आहे एवढं नकाशावर बघून ठेवावं. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात चोवीस तास बालरोग विभाग मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मुलांना घेऊन भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी.

मुलाचं वजन किलोमध्ये पाठ ठेवा. औषधाचा डोस वजनावर ठरतो.

तापाचं पॅरासिटामॉल सिरप भारतात पाच मिलीला १२० किंवा १२५ मिलीग्रॅम आणि २५० मिलीग्रॅम अशा ताकदींत मिळतं. तुमच्या घरच्या बाटलीची ताकद वेगळी असू शकते. म्हणून "नेहमीचा एक चमचा" हे माप तिथे चालत नाही. बाटलीवरचा आकडा वाचा आणि डॉक्टरांना मिलीग्रॅममध्ये विचारा.

ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा. गोड पेयांवर ओआरएस हे नाव छापायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने मनाई केली, तरी खात्री करून घ्या. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ते पेलाभर पाण्यात ढवळलं तर द्रावण फार खारट होतं आणि अपाय करतं.

जुलाब बंद करणारी मोठ्यांची गोळी मुलाला देऊ नका. अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. आमच्या लेकीला ते लागलंच नाही. तिला १४ दिवस झिंक मात्र दिलं.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात काहीच ठरत नाही किंवा जुलाबात रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीत असाल तर टीटीईला सांगा किंवा १३९ ला फोन करा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टर बोलावता येतो.

विमा कंपनीला भरती होण्याआधीच, निदान त्याच दिवशी कळवा. प्रत्येक बिलावर शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक घ्या. विमानाची तारीख बदलायला डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते.

आम्ही दिल्लीची गाडी सोडली आणि विमान चार दिवस पुढे ढकललं. त्याचे पैसे गेले, त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी लेकीने मामींच्या हातची मऊ खिचडी मागून खाल्ली. पाचव्या दिवशी जयविलासमध्ये शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी बघताना ती नवऱ्याच्या खांद्यावर होती. महाराजांच्या पाहुण्यांना त्यातून ब्रँडी आणि सिगार मिळत. तिने विचारलं, यात ओआरएस ठेवतात का? मामांनी गंभीर चेहरा करून सांगितलं, "ठेवायला हवं, बेटा."