सागरेश्वर : अभयदानाची डोंगरवाट

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना कृष्णामाईने एका धाग्यात ओवले आहे. तिच्या काठी उसाचे हिरवे मळे आहेत. पण नदीपासून थोडे दूर सरकले की मुरमाड माळ आणि उघडे डोंगर लागतात. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथील डोंगरही एके काळी असाच बोडका होता. आज त्यावर दाट झाडी आहे आणि तिच्यात सांबर, चितळ, काळवीट व मोर निर्धास्त वावरतात. हेच यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य. पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म तेथेच झाला.

हे अरण्य माणसांनी लावलेले आहे. धों. म. मोहिते यांनी या उजाड डोंगरावर वन उभे करण्याचा ध्यास घेतला. वनखात्याची आणि गावकऱ्यांची साथ मिळाली, झाडे लावली गेली, त्यांची राखण झाली. मग हरणे बाहेरून आणून येथे सोडण्यात आली. बारमाही झरा नसल्याने प्राण्यांसाठी पाणवठेही बांधावे लागले. १९८५ मध्ये या भूमीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर; परंतु कुऱ्हाड आणि चराई थांबवून डोंगराला सवड दिली, तर काय घडू शकते, याची साक्ष देण्यास तेवढे पुरेसे आहे.

सहकुटुंब एका दिवसाच्या भ्रमंतीसाठी हे स्थळ खिशालाही जड जात नाही. पुणे–मिरज लोहमार्गावरील ताकारी हे जवळचे स्थानक. कराडहून रस्त्यानेही येता येते. एस.टी.ने निघाल्यास आजी पंचाहत्तरी ओलांडलेली असेल, तर तिला तिकीट पडत नाही. आई-काकूंना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. उरला तो प्रवेशद्वारावरील शुल्काचा खर्च. शिदोरी तर घरचीच : दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, खाकरे, लिंबाचे लोणचे, आणि साताऱ्याकडून येणाऱ्यांच्या डब्यात चार कंदी पेढे. गाळलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांतून पुरेसे न्यावे. डोंगरावर ऊन चढले की मुलांना तहान फार लागते.

काळ कोणता निवडावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पावसाळ्यात डोंगर सर्वांत देखणा असतो, हे खरे. पण चातुर्मासात वाटेवर गवत, अंकुर आणि असंख्य सूक्ष्म जीव असतात. म्हणूनच साधू-साध्वी या काळात विहार थांबवतात. श्रावकांनीही कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. तेव्हा वाटा कोरड्या असतात, हवा थंड असते आणि डोंगरावरील हिरवळ पुरती ओसरलेली नसते.

चढण फारशी अवघड नाही. आजीला दमाने, मध्येच टेकत चालता येते. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण येथे मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मुंग्यांची रांग दिसली की धाकटा आपोआप थांबतो. ओल्या मातीत उमटलेले खूर दिसले की थोरली बोलणे थांबवून कानोसा घेते. वर कड्यावर पोहोचले की कृष्णेचे खोरे एकदम उलगडते : नदीचे वळण, उसाचे चौकोन आणि मळ्यांमधून दिसणारी गावे. खाली प्राचीन सागरेश्वराचे देवालय आहे. त्याच्याच नावावरून या डोंगराला नाव मिळाले.

या वाटेवर मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो. हरीण दिसले की डब्यातील दशमी त्याच्यापुढे धरावीशी वाटते. जीवदयेचे संस्कार असलेल्या घरात हा हट्ट मोडणे वडीलधाऱ्यांच्याही जिवावर येते. मुक्या जिवाला घास देणे हे पुण्य नव्हे काय? गावातल्या पांजरपोळात ते पुण्यच आहे, कारण तेथील जनावर माणसावर अवलंबून असते. वनातील हरणाची गोष्ट वेगळी. हातून खाण्याची सवय लागली की त्याची माणसाविषयीची भीती जाते. मग ते रस्त्यावर येते, कुत्र्यांच्या तावडीत सापडते, खाऊच्या वासाने प्लॅस्टिकची पिशवीही गिळते. कुंपणाबाहेर पडलेली हरणे पिकांत शिरतात, तेव्हा वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचे नुकसान होते आणि हरणाच्या जिवालाही धोका निर्माण होतो.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. ज्या स्थळाच्या नावातच ‘अभय’ आहे, तेथे कोणते दान द्यायचे, हे वेगळे सांगायला नको. हातातला घास डब्यात परत ठेवायचा, आवाज खाली आणायचा, दहा पावले मागे सरायचे आणि हरणाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचे. या दानाला एक पैसाही लागत नाही. मोह मात्र आवरावा लागतो. मुलांना ते एकदा उमगले, तर पुढच्या वळणावर तीच मोठ्यांना खुणेने गप्प करतात.

दुपारी लवकर खाली उतरले, तर जवळच्या कुंडलचे दर्शनही साधते. गावात कलिकुंड पार्श्वनाथ आणि डोंगरात झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ अशी ही तीर्थे आहेत. सकाळी ज्या पावलांनी वनात जपून चालणे शिकले, तीच पावले तीर्थाचा डोंगर चढताना आपोआप हळुवार पडतात.

पौषात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी उरलेल्या दशम्या संपवायच्या, फळांच्या साली आणि कागद पिशवीत गोळा करायचे आणि गाडीची वाट पाहायची. डबे रिकामे झालेले असतात आणि पाय भरून आलेले असतात. डोंगरावर त्या वेळी हरणे पाणवठ्याकडे निघालेली असतील. दिवसभर कोणी येऊन गेले, याची खूण त्यांच्या वाटेवर उरली नसेल, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.