मनगटातील साका
रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड झाली, की आम्ही बालाघाटकर दोष कामाला देतो. बिड्या वळणे, धानाची रोवणी, पोळ्या लाटणे. मनगटाच्या अरुंद बोगद्यात मज्जातंतू दबतो, हे खरेच. परंतु अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये या दुखण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ९८ प्रौढ-वृद्धांच्या मनगटातील तुकडे तपासले, तेव्हा १० जणांत अमायलॉइड सापडले. २ जणांच्या हृदयातही होते. हा वृत्तान्त २०१८ चा. (नावाचा अर्थ पिष्टासारखे, वस्तुतः ते प्रथिन!) पुष्कळांत हा साका मनगटापुरताच राहतो, काहींत पुढे वर्षांनी हृदय ताठरते. आमच्या वडीलधाऱ्यांचे मनगट उघडायची वेळ आली, तर कापलेला तुकडा फेकू नये, काँगो रेडने रंगवून पाहावा, असे आम्ही डॉक्टरांना आधीच विनवणार आहोत. अमायलॉइड असल्यास ध्रुवित प्रकाशात तो हिरवा चमकतो.