नेट नक्की अडतं कुठे?

‘नेट स्लो आहे’ ही एक तक्रार नाही. सहा-सात वेगवेगळ्या तक्रारींचं ते एकच नाव आहे. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हटलं आणि कधी, कुठे, काय खाल्ल्यावर ते सांगितलं नाही, तर तो एक गोळी हातावर ठेवतो आणि परत पाठवतो. इंटरनेटवाल्यांची ती गोळी म्हणजे ‘राउटर बंद करून चालू करा’. कधी गुण येतो, कधी येत नाही. आणि नाही आला तर आपण चरफडत पुढच्या महिन्याचं बिल भरतो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर आहे. तीन वर्षांपूर्वी केबलवाल्याने फायबर आणलं तेव्हा मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर जाण्याचे दिवस संपले असं सगळ्यांना वाटलं. आज आमच्या घरात त्या एका तारेवर किती गोष्टी टांगलेल्या आहेत ते मोजून बघितलं. धाकटा भाऊ कुवेतला आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्याची ड्युटी सुटते तेव्हा आमच्याकडे आठ वाजलेले असतात आणि अम्मी फोन समोर ठेवून बसलेली असते. पुतणी बारावीला आहे, तिचे ऑनलाइन क्लास. माझं मुद्रितशोधनाचं काम सगळं मेलवर. आणि गेल्या वर्षी त्यात गावाचं एक काम येऊन पडलं. ६ जून २०२५ ला वक्फ मालमत्तांच्या नोंदणीचं ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांत तपशील भरायचे ठरले. मशीद, कब्रस्तान, एक छोटी आंबराई, त्यांचे सातबारे, फेरफार, जुन्या दस्तांच्या प्रती. गावात स्कॅनर आणि फायबर दोन्ही असलेली दोन-तीनच घरं, त्यातलं एक आमचं. मुतवल्ली चाचा कापडी पिशवीत कागद घेऊन संध्याकाळी येऊन बसायचे. फाइल नव्वद टक्क्यांपर्यंत चढायची आणि लाइन तुटायची. पुन्हा पहिल्यापासून.

सिनेमा अडकला तर माणूस झोपून जातो. कब्रस्तानचे कागद अडकले की झोप येत नाही. तेव्हा मी शाळेची एक वही घेतली आणि राउटरजवळ खिळ्याला टांगली. तारीख, वेळ, वेग, डब्यावरचा दिवा, पाऊस-वारा एवढेच रकाने. पुढचं सगळं त्या वहीने शिकवलं.

पहिला प्रश्न असा विचारायचा की एकच साइट अडते आहे की सगळंच? एकच साइट रखडत असेल आणि बाकी सगळं धडाधड उघडत असेल, तर दोष तुमच्या लाइनीचा नाही, राउटर शंभरदा बंद केला तरी फरक पडणार नाही. आमच्याकडे बँकेचं ॲप, बातम्या, भावाचा चेहरा, सगळं एकदमच गोठायचं. म्हणजे अडचण आपल्याच बाजूला होती.

दुसरा प्रश्न, वेग मोजायचा कसा? प्लॅनवर लिहिलेले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि फाइलचं वजन मेगाबाइटमध्ये सांगतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण आपल्याला आठपट फसवलं असं समजून भांडायला जातात आणि हसं होऊन परततात. दुसरं म्हणजे उतरण्याचा वेग आणि चढण्याचा वेग वेगळे असतात. कागद पाठवताना, क्लासमध्ये कॅमेरा लावताना चढण्याचा वेग लागतो. तोही लिहून ठेवायचा. आणि महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावर कंपनी वेग मुद्दाम खाली आणते. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट रडत असेल तर आधी ॲपमध्ये वापर किती झाला ते बघा.

तिसरी गोष्ट भिंतींची. आमचं घर जुनं, जांभ्याचं, भिंती दीड फुटी. फायबर ओटीवरच्या खिडकीतून आत आलं म्हणून डबा तिथेच लोखंडी कपाटामागे बसवलेला. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण वेग कमी, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच गर्दीत. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढे दम टाकते. पुतणी माजघराच्या पलीकडे अभ्यासाला बसायची, मध्ये दोन भिंती. तिच्या नेटचा मसला जांभ्याचा होता, कंपनीचा नव्हे. एक लांब लॅन केबल टाकली, दुसरा साधा राउटर माजघरात ठेवला आणि तिची तक्रार त्या दिवसापासून बंद झाली. सिमेंटच्या फ्लॅटमध्येही हाच नियम. डबा कोपऱ्यात, जमिनीवर किंवा टीव्हीमागे नको. घराच्या मधोमध, उंचावर हवा.

घर आणि बाहेर यांची फाळणी करायची सगळ्यात खात्रीची रीत म्हणजे वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप तारेने थेट डब्याला जोडणं. तारेवर वेग पूर्ण आणि वायफायवर अर्धा, तर दोष घरातला. तारेवरही कमी, तर बाहेरचा. लाइन मध्येच तुटत असेल तर ‘पिंग’ नावाची साधी आज्ञा आहे. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला सतत हाक मारत ठेवायची. राउटरच उत्तर देत नसेल तर घरात बघा. राउटर ओ देतोय आणि बाहेरचा गप्प, तर घरातली कुठलीच वायर हलवू नका.

आमच्या वहीत तीन आठवड्यांत दोन वेगळी दुखणी दिसली. रोज रात्री आठ ते अकरा वेग पडायचा, पण लाइन तुटत नव्हती. ती गर्दी. फायबरची एक काडी एकाच घरात येत नाही. वाटेत स्प्लिटर असतो, तो तिचा उजेड ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. सर्वसाधारण जीपॉन पद्धतीत खाली येणारे सुमारे अडीच गिगाबिट आणि वर जाणारे सव्वा गिगाबिट एवढे त्या सगळ्यांत मिळून असतात. त्यातही केबलवाल्याने वरून बँडविड्थ किती विकत घेतली आहे, यावर खरा वेग ठरतो. दुसरं दुखणं वेगळं होतं. वारा सुटला की डब्यावरचा ‘एलओएस’चा दिवा लाल व्हायचा, म्हणजे उजेडच पोचत नव्हता. पावसाने काच भिजली तरी तिचं काही बिघडत नाही. पण ती वाकली की उजेड वाटेतच सांडतो, आणि जोड कच्चा असेल तर हलला की तुटतो.

याच दिवसांत मगरिबनंतर मशिदीबाहेर बोलणं चालायचं, ‘अपने मोहल्ले को कौन पूछता है!’ ही तक्रार मी हसण्यावारी नेली नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी कर्ज सहज न देण्याचे भाग, ‘निगेटिव्ह’ क्षेत्रं, ठरवून ठेवली होती. पत्ता ऐकून आवाज बदललेले फोन आपल्यातल्या अनेकांनी ऐकले आहेत. पण संशय खरा असू शकतो म्हणून तो प्रत्येक वेळी खरा असतोच असं नाही. तो तपासावा लागतो. मी वही घेऊन पलीकडच्या कुणबी वाडीत गेलो. तिथे माझ्या वर्गातला मित्र किराणा दुकान चालवतो. त्यालाही म्हटलं, दिवा लाल झाला की वेळ लिहून ठेव. आठ दिवसांनी दोन वह्या शेजारी ठेवल्या. मिनिटं जुळत होती. त्यांच्या वाडीत तेव्हा बोललं जात होतं, ‘आपल्या वाडीला कोण विचारतो!’

एकाच स्प्लिटरवर दोन्ही वस्त्या, आणि दोन्हीकडे समज असा की आपल्यालाच डावललं जातंय.

मग तक्रार एकच लिहिली. खाली दोन्ही वाड्यांच्या सह्या, सोबत वह्यांच्या पानांचे फोटो, आणि कंपनीकडून तक्रार क्रमांक मागून घेतला. आधीच्या वर्षभरात फोनवर गोड बोलून परतवणाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी लाइनमन पाठवला. पोराने डब्याजवळ मीटर लावला, आकडा उणे २९. साधारण उणे २७-२८ च्या खाली गेलं की डबा लाइन सोडायला लागतो, हे त्यानेच सांगितलं. शाळेमागच्या खांबावर जोडाची पेटी अर्धी उघडी, आत मुंग्यांचं घर, आणि केबल पोफळीला करकचून वाकवून बांधलेली. झाड डुललं की दोन वाड्यांचं नेट डुलायचं. नवा जोड मारल्यावर आकडा उणे २१ आला. नोव्हेंबर संपायच्या आत चाचांची पिशवी रिकामी झाली, सगळे कागद चढले. रात्रीची गर्दी मात्र पूर्ण गेलेली नाही. ती तक्रार वेगळ्या क्रमांकाने चालू आहे.

तक्रार क्रमांकाचं महत्त्व समजून घ्या. तो नसेल तर तुमची तक्रार झालेलीच नाही. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही. पण ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे नेता येतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस पुरे आहेत. त्याआधी ५१२ केबीपीएसच होते. म्हणून सरकारी किमान आकड्यावर विसंबू नका, तुमच्या प्लॅनच्या कागदावर काय लिहिलंय ते धरा.

समजा त्या दोन वह्या जुळल्या नसत्या. त्यांचा दिवा हिरवा आणि आमचाच लाल निघाला असता, त्यांच्याकडे लाइनमन दुसऱ्या दिवशी आणि आमच्याकडे महिन्याने आला असता. तर तेही त्याच पानांवर दिसलं असतं, तारखेसकट. भेदभावाची तक्रार करायलाही हीच वही लागते. नुसत्या रागाने ती कोणापुढे सिद्ध होत नाही. आणि भेदभाव नसेल तेव्हा हीच वही आपल्याला पलीकडच्या वाडीतली सही मिळवून देते. एक रेघ, पाच रकाने, रोजची दोन मिनिटं. अम्मीला दिव्यांची नावं येत नाहीत, पण दिवा लाल झाला की तीही आता घड्याळ बघते आणि वहीत वेळ टाकते.