गेटच्या आतला समुद्र

समुद्र बघायला पावती फाडावी लागेल, असं सदुसष्ट वर्षांत कधी वाटलं नव्हतं. गुहागरला आमच्या वाडीचं मागचं बेडं उघडलं की समोर समुद्रच. त्याला कोणी मालक असेल हे डोक्यातही यायचं नाही. भांडणं व्हायची ती पडलेल्या नारळांवरून.

लेकीकडे सनीव्हेलला तीन महिने होतो. एका शनिवारी जावयांनी गाडी काढली आणि आम्हाला मॉन्टेरे द्वीपकल्पावर नेलं. त्यातला पेबल बीचचा भाग म्हणजे कॅलिफोर्नियातल्या श्रीमंतांचं माहेरघर. समुद्राच्या कडेकडेने जाणारा ‘सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह’ इथे खासगी मालकीचा आहे. गेटवर खिडकी, खिडकीत हसरी मुलगी, गाडीमागे दहा-बारा डॉलर आणि वर एक नकाशा. मी सवयीने पंच्याऐंशीने गुणलं. “बाबा, गुणाकार करायचा नाही असं ठरलंय ना?” मागून लेक. आत ठरावीक रकमेच्या वर खाल्लंत तर हे पैसे बिलातून वळते होतात, असंही मुलीने सांगितलं. आमच्या डब्यात दडपे पोहे होते, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

बंगले फारसे दिसतच नाहीत. दिसते ती झाडी, एखादं दगडी गेट, आत वळून नाहीसा होणारा रस्ता. गोल्फचं मैदान मात्र थेट कड्यापर्यंत आलेलं. तिथे एका खेळाचे सहाशे डॉलरहून जास्त पडतात. हा गुणाकार मी केलाच नाही. हरणं त्याच हिरवळीवर फुकट चरत होती. हवेत समुद्रशेवाळाचा उग्र वास होता, पण सुकटीचा नव्हता. समुद्र आहे आणि सुकट नाही, हे माझ्या नाकाला काही केल्या पटेना.

मग ते झाड आलं, लोन सायप्रस. समुद्रात घुसलेल्या ग्रॅनाइटच्या खडकावर एकटं, जवळजवळ अडीचशे वर्षांचं, म्हणजे पेशवाईतलं. या जागेची मालकी असलेल्या कंपनीच्या बोधचिन्हावर हेच झाड. जवळ जाता येत नाही, कठड्यापासून बघायचं. सगळे फोटो काढत होते. मी जावयांची दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तारा दिसल्या. खोडाला पोलादी तारा बांधून त्या खडकात ठोकल्यात. बुंध्याशी दगडांचं बांधकाम आहे, आमच्याकडे माडाला आळं करतात तसं. १९८४ मध्ये कोणीतरी त्याला आग लावली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत वादळात एक मोठी फांदी मोडली. जे झाड एकट्याने उभं आहे म्हणून जगाने डोक्यावर घेतलं, ते असं सलाईनवर आहे. मला त्याची दया आली आणि, का कोण जाणे, थोडा आदरही वाटला.

फारसीत सायप्रसला ‘सर्व’ म्हणतात. आमच्या किनाऱ्यावरचा सुरू वेगळ्या जातीचा, बाहेरून आणून लावलेला; पण नावाची कुठेतरी सोयरीक असणार. मॉन्टेरे सायप्रस मात्र आपणहून उगवतो तो जगात दोनच ठिकाणी : इथे, आणि कार्मेलच्या उपसागरापलीकडे पॉइंट लोबोसला.

रेल्वेच्या शेठजींनी १८८० मध्ये मॉन्टेरेत हॉटेल डेल माँटे उभं केलं आणि पाहुण्यांना घोडागाडीतून फिरवण्यासाठी वर्षभरात हा रस्ता आखला. त्याआधीपासून इथल्या स्टिलवॉटर कोव्हला चिनी कोळ्यांची वस्ती होती. गाड्यांतून येणाऱ्या पाहुण्यांना ते शंखशिंपले विकायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वस्ती उठली. जवळच्या पॉइंट अलोन्सची त्यांची दुसरी वस्ती १९०६ मध्ये जळाली, आणि जमीन ज्या कंपनीची होती तिने लोकांना तिथे पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. १९१९ मध्ये सॅम्युएल मोर्स नावाच्या गृहस्थाने हा सगळा मुलूख विकत घेतला. किनाऱ्यालगत प्लॉट पाडायचा बेत मोडून तिथे गोल्फ आणलं ते त्यानेच, म्हणून तर आज समुद्र दिसतो.

“बाबा, गेट नसतं तर हे झाड राहिलं असतं का?” जावई म्हणाले. मुद्दा बिनतोड वाटला, पण मी पलीकडे बोट दाखवलं. पॉइंट लोबोस १९३३ पासून सरकारी आहे. तिथेही गाडीला पैसे पडतात, पण पायी येणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि सायप्रस तिथेही उभेच आहेत. त्यांना तारा नाहीत, एवढंच. कारण त्यांच्यातल्या कुणा एकाची जाहिरात नाही. वाद जिंकल्याच्या आनंदात मी पोह्यांचा डबा उघडला.

ही बराच वेळ गप्प होती. म्हणाली, “अहो, आपल्या वाडीतून समुद्रावर जाणारी पाखाडी बंद केली, त्यावर तुमची सही होती ना?”

होती. दोन वर्षांपूर्वी भावांनी कागद कुरिअरने पाठवला होता. चोऱ्या होतात, पर्यटक घाण करतात, बेड्याला कुलूप घालू, वर काटेरी तार ओढू. मी पुण्यात सही करून परत पाठवला.

“वहिनी सांगत होत्या,” डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, “ती मासे घेऊन येणारी आता हायस्कुलाकडून वळसा घालून येते. उन्हाचं पोचेपर्यंत मासळी मऊ पडते.”