राखण

आळ्याला रेड्याची समाधी आहे. जुन्नर तालुक्यातल्या आम्हा लोकांना ती इतकी सवयीची झाली आहे की तिचं नवल कुणाला वाटत नाही. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर आळंदीच्या वाटेला लागला, आळ्यात त्याने देह ठेवला आणि माउलींनी त्याला तिथेच समाधी दिली, असं परंपरा सांगते. माणसं तिथे नारळ फोडतात, हात जोडतात, यात्रा भरते. आमची ठकी गेली तेव्हा शेजारची एक बाई मला म्हणाली, "बाई, किती लावून घेता? कुत्रंच होतं. सुतक धरताय का त्याचं?" मी उत्तर दिलं नाही, पण मनात आळ्याची समाधी आली. मुक्या जनावराला माणसासारखा निरोप द्यायचा, हे आमच्या मुलखाने केव्हाच करून ठेवलं आहे.

माझं माहेर ओतूरजवळच्या मळ्यातलं. वडिलांकडे कुत्रं कायम असे आणि त्याचं नाव कायम वाघ्या. एक गेला की दुसरा यायचा, नाव तेच राहायचं. धामणखेलच्या खंडोबाला जाणाऱ्या घरात दुसरं नाव सुचणार तरी कसं? खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. वाघ्याची कामं ठरलेली होती. भुईमुगात शिरणारी रानडुकरं हाकलायची, कोंबड्यांवर टपलेल्या कोल्ह्यावर धावून जायचं, कांद्याच्या चाळीभोवती परकं माणूस घुटमळलं तर घर जागं करायचं. त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत आणि अंगावरून हातही कुणी फिरवत नसे. शेवटची भाकर मात्र त्याची. आई ती जरा जाडच थापायची. बिबट्या तेव्हा डोंगरात होता. आम्ही त्याला वाघच म्हणायचो आणि तो दिसला असं सांगणारा माणूस गावात एखादाच असे.

मग कुकडीचं पाणी आलं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली, कालवे निघाले आणि बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. त्या पाण्याने आमची घरं वर आणली, माझं शिक्षणही त्यावरच झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ऊस वर्षभर उभा असतो. आत गारवा, लपायला जागा आणि कडेच्या वस्तीवर खायला. बिबट्याची मादी उसातच वीत गेली. उसात जन्मलेल्या पिल्लाचं घर ऊसच, डोंगराशी त्याचा काही संबंध नाही. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत माणसांवर हल्ले वाढले, गावोगाव पिंजरे लागले, पकडलेले बिबटे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जाऊ लागले. माणसांच्या बातम्या पेपरात आल्या, यायलाच हव्या होत्या. वाघ्यांच्या कुठे आल्या नाहीत. वडिलांचे वाघ्ये एकामागून एक गेले. सकाळी खुंट्याला साखळी असायची आणि साखळीला कुणी नसायचं.

आमच्या उत्तरेला लागूनच अकोले तालुका आहे. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं. 2014 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्के. कारण वस्तीवरच्या कुणालाही सांगता येईल. शेळी रात्री कुडात असते, गाय गोठ्यात असते, कुत्रं अंगणात असतं. शेळी गेली तर पंचनामा होतो, सरकारी भरपाई मिळते. कुत्र्याचा पंचनामा कुणी करत नाही. वडिलांनी शेवटच्या वाघ्यासाठी वेल्डिंगच्या दुकानातून खिळ्यांचा पट्टा करून आणला होता. बिबट्या मान धरतो, म्हणून पट्टा मानेला. त्या पट्ट्याने तो वाघ्या पुष्कळ जगला.

लग्न होऊन मी आंबेगाव तालुक्यात आले, घोडनदीच्या काठावरच्या गावात. शाळेत शिकवायचे. एका वर्षी ऊसतोड चालू असताना तोडकऱ्यांना पाचटात तांबडी कुत्री सापडली. गळ्यात साखळीचा तुटका तुकडा, मानेला दोन्ही बाजूंनी सुळ्यांच्या जखमा, त्यांत किडे पडलेले. साखळी तुटली म्हणून ती वाचली. यजमानांनी तिला पोत्यावर घालून घरी आणलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी जखमा धुतल्या, किडे काढले, रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. ती जगेल असं कुणी धरलं नव्हतं. माझ्या मुलीने तिचं नाव ठकी ठेवलं आणि नाव ठेवल्यावर तिला मरू देणं घरातल्या कुणालाच जमेना.

ठकीने मला जे शिकवलं ते नेमकं सांगता येतं. ती मानेला हात लावू देत नसे. पाठ चालायची, पोट चालायचं, पण हात मानेकडे वळला की ती अंग चोरून भिंतीला लागायची. साखळीचा आवाज, मग तो गाईच्या दावणीतला का असेना, ऐकला की थरथरायची. तिला आम्ही कधीच बांधलं नाही. मी रोज शाळेतून आले की ओट्यावर तिच्याजवळ बसायचे, हात जमिनीवर ठेवून. दोन पावसाळे गेले असतील. एका संध्याकाळी तिने आपणहून मान माझ्या हातावर टेकवली. वर्गात न बोलणारं एखादं पोर असतं. त्याच्याकडून उत्तर ओढून काढायचं नसतं, आपण फक्त जवळ असायचं, हे मी डी.एड.ला शिकले नव्हते, ठकीपाशी शिकले.

दुसरं तिने आम्हाला रात्र वाचायला शिकवली. शेतीची लाइट रात्रीची असली की यजमान दारं धरायला जायचे आणि ठकी पुढे. कोल्ह्यावर ती धावून भुंकायची. माणसावर थांबून थांबून. बिबट्या जवळपास असला की ती भुंकतच नसे. पाठीचे केस उभे राहायचे, घशात बारीक घरघर आणि ती यजमानांच्या पायाला चिकटायची. मग यजमान बॅटरी चारी बाजूंना फिरवत, मोठ्याने बोलत, तिच्यासकट माघारी यायचे. पिकाला पाणी दुसऱ्या दिवशी मिळायचं.

सासूबाईंनी तिला पहिले काही महिने पडवीच्या पुढे येऊ दिलं नाही. पुढे त्याच रोज अंधार पडायच्या आत "ठके, आत चल" म्हणून हाक मारायच्या आणि कडी लावायच्या. ती म्हातारी झाली, मूत्रपिंडं गेली, डॉक्टरांनी सलाइन लावलं, पण वय झालं होतं. घरातच गेली. बांधावरच्या जांभळाखाली तिला पुरलं, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीच्या फांद्या रचल्या. त्या रात्री सासूबाईंनी नेहमीसारखी शेवटची भाकर थापली आणि तव्यावर टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, चुलीपुढून उठल्या. जवळच्या माणसासाठी जितकं रडलो असतो तितकं आम्ही तिच्यासाठी रडलो. त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही. जिने राखण केली, तिच्यासाठी डोळ्यांत पाणी यायलाच हवं.

2025 च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना टीव्हीवर दिसली. थोडे दिवस आधीच तिथे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली होती. ते पट्टे पाहून माझ्या अंगावर काटा आला, कारण तो पट्टा मी ओळखत होते. इतकी वर्षं आमच्या वाट्याचा तो दात कुत्र्यांनी आपल्या मानेवर घेतला. अंगणात बांधलेलं कुत्रं बिबट्याला उसातून दारापर्यंत आणतं, हेही तितकंच खरं आहे. तिथून पोराबाळांचं अंतर किती उरतं?

म्हणून जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या वस्त्यांवरच्या माझ्या लोकांना एकच सांगणं आहे. गोठ्याला लागून चार पत्रे उभे करा, जाळीचं दार करा, बाहेरून कडी लावा आणि दिवस मावळायच्या आत कुत्र्याला आत घ्या. ते आतूनही भुंकतं, राखण आतूनही होते. साखळीला बांधून त्याला रात्री अंगणात ठेवू नका.