गुनपोची पोर आणि उसना बर्फ

सेऊलच्या भुयारी रेल्वेची चार नंबरची लाइन नकाशावर आकाशी रंगात दाखवतात. शहराच्या मध्यातून दक्षिणेकडे निघालेली ही गाडी सादांग स्टेशन सोडते आणि डोंगराखालून पलीकडे, ग्योंगी प्रांतात शिरते. आधी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान लागतं, मग प्राणिसंग्रहालयाचं स्टेशन, मग ग्वाचॉन. पर्यटक प्राणिसंग्रहालयापाशीच उतरून जातात. पुढे पाहायचं तरी काय? एकसारख्या उंच इमारती आणि त्यांच्या भिंतींवर रंगवलेले भलेमोठे आकडे, म्हणजे चुकून दुसऱ्याच्या घरी जायला नको! असंच आणखी काही वेळ गेलं की सानबोन येतं. हे गुनपो शहरातलं स्टेशन.

मुंबईला डोंबिवली तसं सेऊलला गुनपो. सकाळी सगळं गाव राजधानीकडे धावतं आणि रात्री झोपायला परततं. मागे सुरीसान नावाचा डोंगर, वसंतात टेकडीवर फुलणारी गुलाबी फुलं आणि त्यांचा उत्सव, एवढीच काय ती शोभा. पण याच गावातली एक मुलगी बर्फावर उभी राहिली आणि सगळा देश टीव्हीपुढे श्वास रोखून बसला. तिचं नाव किम यॉन-आ. जग तिला युना किम म्हणून ओळखतं.

आपल्याकडे बर्फाशी ओळख होते ती उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात. पुण्याच्या मंडईत जा, नाहीतर जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत; बर्फ म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली लादी आणि गोळेवाल्याचा रंधा. त्यामुळे बर्फावर नाचण्यात आयुष्य घालवायचं म्हणजे काय, हे सहज लक्षात येत नाही. कोरियाची गोष्ट वेगळी असेल असं आपल्याला वाटतं. थंडीचा देश, घरोघरी स्केट्स असतील! तर तसंही नव्हतं.

युनाचा जन्म ५ सप्टेंबर १९९० चा, बुचॉन शहरातला. ती सहा वर्षांची असताना कुटुंब गुनपोला आलं. आई, वडील, थोरली बहीण आणि ही. शेजारच्या ग्वाचॉनमध्ये नगरपालिकेच्या नागरिक भवनात बर्फाचं एक मैदान होतं. सुटीत मुलांना पोहायला न्यावं तसं आईने दोघी बहिणींना तिथे नेलं. थोरलीचं मन लवकरच उडालं, धाकटी काही केल्या बाहेर येईना. तिथले प्रशिक्षक रियू जोंग-ह्यून यांनी काही दिवस पाहिलं आणि आईला, पार्क मी-ही यांना, सांगितलं की या मुलीला याच खेळात घाला.

सांगायला सोपं होतं. पुढच्याच वर्षी, १९९७ च्या अखेरीस, कोरियावर आर्थिक संकट कोसळलं. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या, सरकारने नाणेनिधीपुढे हात पसरले. देशाचं कर्ज फेडायला लोकांनी घरातलं सोनं आणून दिलं, अगदी लग्नातल्या अंगठ्यासुद्धा. अशा काळात मध्यमवर्गीय घराने एका लहान मुलीच्या फिगर स्केटिंगवर पैसा ओतायचा म्हणजे शेजारपाजाऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही आईला करता येईल. बूट वेगळे, त्यांना लावायची पाती वेगळी, मैदानाचं भाडं वेगळं, प्रशिक्षकाची फी वेगळी; आणि वाढत्या पायांना दरवेळी नवे बूट! पार्कबाईंनी मात्र हिशेब केला तो मुलीच्या बाजूने. गाडी चालवायची, मैदानाच्या कडेला बसायचं, उड्या मोजायच्या, चुका टिपायच्या, हेच त्यांचं काम झालं. पुढे मुलीचा सगळा व्यवहार सांभाळणारी कंपनीही त्यांनीच काढली.

आणि मैदान? तीच तर खरी अडचण. कोरियात बर्फ होता, पण तो शर्यतवाल्यांचा. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकपासून आखूड अंतराच्या बर्फशर्यतीत कोरियाने सुवर्णपदकांची रांग लावली होती. साहजिकच मैदानं त्यांच्या सोयीची. शर्यतीला थंडगार, कडक बर्फ लागतो. फिगर स्केटिंगला लागतो थोडा मऊ, शून्याखाली तीन-चार अंशांचा. या खेळातल्या पात्याला खालून एक बारीक खाच असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. सगळी कला त्या धारांवर. उडी मारताना धार बर्फात रुतली पाहिजे आणि उतरताना बर्फाने थोडं नमतं घेतलं पाहिजे. कडक बर्फावर तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरणं म्हणजे गुडघ्याची आणि कमरेची परीक्षाच! युनाने ही परीक्षा वर्षानुवर्षं दिली. दिवसा मैदान लोकांचं, म्हणून सराव रात्री, दारं बंद झाल्यावर. कधी ग्वाचॉन, कधी जामशिल भागातल्या लोट्टे वर्ल्डच्या तळघरातलं मैदान, तर कधी सेऊलच्या पार दुसऱ्या टोकाला असलेलं तेरूंग.

तेरूंगला मुद्दाम जावं. नावाचाच अर्थ थडगं. जोसन घराण्यातली राणी मुनजोंग इथे सोळाव्या शतकापासून चिरनिद्रा घेते आहे. गवताने झाकलेला गोल उंचवटा, त्यापुढे दगडी मंत्री आणि दगडी घोडे, भोवती जुने पाइन. या शांततेला लागूनच १९६० च्या दशकात कोरियाने आपलं क्रीडाग्राम उभारलं. देशाच्या कितीतरी पदकविजेत्यांनी घाम गाळला तो या राणीच्या शेजारी. २००९ मध्ये जोसन राजांची थडगी जागतिक वारसा यादीत गेली आणि परिसर पूर्ववत करण्याची जबाबदारी सरकारवर आली. २०१७ मध्ये क्रीडाग्राम जिनचॉनला हललं. मेलेल्या राणीने जिवंत खेळाडूंना घराबाहेर काढल्याचं हे जगातलं एकमेव उदाहरण असावं!

बाराव्या वर्षी, २००३ मध्ये, युना राष्ट्रीय विजेती झाली. २००४ मध्ये हंगेरीतली कनिष्ठ गटाची ग्रां प्री स्पर्धा तिने जिंकली; असं करणारी ती पहिलीच कोरियन. २००६ च्या मार्चमध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानात ती कनिष्ठ जगज्जेती झाली, जपानच्या माओ असादाला मागे टाकून. ही माओसुद्धा १९९० च्या सप्टेंबरचीच, युनाहून वीस दिवसांनी लहान. त्याच वर्षीच्या तूरिन ऑलिंपिकला मात्र दोघींना जाता आलं नाही. नियमाप्रमाणे दोघी दोन-तीन महिन्यांनी लहान पडल्या!

बाहेरून सगळं छान दिसत होतं, पण याच काळात घरात खेळ सोडण्याची भाषा सुरू झाली होती. कारण होतं बूट. पायाला नीट बसणारा जोड मिळेना. एक सैल, तर दुसरा घोट्याला चावणारा. आपल्याकडे नव्या चपलेने पाय चावला तर दोन दिवस जुनी घालतो. इथे तर त्याच बुटात हवेत तीन गिरक्या घ्यायच्या. घोटा दुखला की उतरणं चुकतं, उतरणं चुकलं की कंबर धरते. जगातली सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडू सोळाव्या वर्षी एका बुटाच्या जोडापायी घरी बसते की काय, अशी पाळी आली होती.

वाट निघाली ती टोरांटोत. नृत्यरचना बसवून घेण्यासाठी ती २००६ मध्ये कॅनडाला गेली आणि पुढच्या वर्षापासून ब्रायन ऑर्सर तिचे प्रशिक्षक झाले. ऑर्सर स्वतः १९८४ आणि १९८८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकावर अडकलेले. सुवर्ण हुकल्याचं दुःख त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सरावाची जागा होती टोरांटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लब. नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! १९९६ ते १९९८ या काळात भारत-पाकिस्तान यांच्यातले सहारा चषकाचे सामने याच क्लबच्या मैदानावर झाले. सौरव गांगुलीने जिथे पाकिस्तानी फलंदाजांची दाणादाण उडवली, तिथेच काही वर्षांनी गुनपोची ही पोर आपल्या उड्या घोटत होती. इथे पहिल्यांदाच तिला दिवसाउजेडी, हक्काचा बर्फ मिळाला.

२००९ मध्ये लॉस एंजेलिसला ती जगज्जेती झाली, २०७.७१ गुण, महिलांत दोनशेचा टप्पा ओलांडणारी पहिली. मग आलं व्हँकुव्हर. कोरियन वर्तमानपत्रांनी सुवर्णपदक आधीच तिच्या गळ्यात घालून टाकलं होतं. जिंकली तर अपेक्षेप्रमाणे, हरली तर देश बुडाला! एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे ओझं. २५ फेब्रुवारी २०१० ची ती रात्र; कोरियात २६ तारखेची दुपार. निळा पोशाख, गर्शविनचं संगीत आणि चार मिनिटांत एकही चूक नाही. शेवटची मुद्रा घेतली आणि तिला रडू फुटलं. एकूण २२८.५६ गुण. तिच्या मागोमाग आलेली असादा २०५.५० वर थांबली. हा विक्रम पुढे जवळजवळ सात वर्षं टिकला. त्याच वर्षी निघालेल्या तिच्या आत्मकथनाच्या नावात ‘सात मिनिटांचं नाटक’ असे शब्द आहेत. छोटा कार्यक्रम आणि मोठा कार्यक्रम मिळून सातच मिनिटं होतात. त्यासाठी तेरा-चौदा वर्षं.

इथेच थांबली असती तर चाललं असतं. पण २०१२ मध्ये तिने पुन्हा बूट बांधले. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत कोरियाला महिलांची एकच जागा होती. ती एकटी गेली आणि वीस गुणांच्या फरकाने जिंकली. नियमाप्रमाणे त्यामुळे सोची ऑलिंपिकमध्ये कोरियाला तीन जागा मिळाल्या आणि सोळा-सोळा वर्षांच्या दोन मुली तिच्याबरोबर रशियाला गेल्या. वाचणाऱ्याला सुवर्णपदकाहून ही गोष्ट मोठी वाटली तर नवल नाही. सोचीत तिने पुन्हा चुकीला जागा दिली नाही, तरी सुवर्ण मिळालं यजमान रशियाच्या सोत्निकोव्हाला, २२४.५९ विरुद्ध २१९.११. कोरियात संतापाची लाट उसळली, लाखो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, अधिकृत तक्रारही झाली आणि फेटाळली गेली. युनाने वाद घातला नाही. ती निवृत्त झाली.

आता चार नंबरची लाइन सोडून पूर्व किनाऱ्याकडे चला. सेऊलहून वेगवान गाडीने दोनेक तासांत गांगनुंग येतं. समुद्र, पाइनची झाडं, आणि आन्मोक किनाऱ्यावर ओळीने कॉफीची दुकानं. इथल्या ओजुकहॉन या जुन्या वाड्यात जन्मलेले विद्वान यी आय पाच हजार वॉनच्या नोटेवर आहेत, तर त्यांची चित्रकार आई शिन साइमदांग पन्नास हजारांच्या नोटेवर. आईची किंमत मुलाच्या दहापट ठरवणारा देश विरळाच! २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी याच शहरात फिगर स्केटिंगचं बंदिस्त मैदान उभं राहिलं. उद्‌घाटनाच्या रात्री प्याँगचांगला ज्योत पेटवली ती युनानेच, उंचावर केलेल्या इवल्याशा बर्फावर स्केटिंग करत येऊन.

व्हँकुव्हरच्या त्या दुपारी टीव्हीपुढे बसलेल्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. यू यंग सिंगापुरात वाढत होती. युनाला पाहून ती या खेळात आली, कोरियाला परतली आणि २०१६ मध्ये अकराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. खुद्द युनाचा विक्रम मोडला! ली हे-इनने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. बुसानची शिन जी-आ, २००८ चा जन्म, २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं कनिष्ठ जागतिक स्पर्धेत दुसरी आली. जानेवारी २०२४ च्या युवा ऑलिंपिकमध्ये गांगनुंगच्या त्याच मैदानावर तिने रौप्य घेतलं. तिच्या वाट्याला बर्फ आला, पण तिच्यापुढे उभी राहिली जपानची माओ शिमादा. एका माओची जागा दुसऱ्या माओने घेतली.

आणि आपण? सिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फाचं मैदान आहे, पण थंडी पडेल तेवढेच दिवस. डेहराडूनला २०११ मध्ये बांधलेलं बंदिस्त मैदान कित्येक वर्षं कुलपात होतं, ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. मराठी मुलं तोवर चाकांवरच. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटरच्या रोलर स्केटिंग रिलेत भारताला ब्राँझ मिळालं, त्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे महाराष्ट्राचे. त्याच शर्यतीत शेवटच्या कोरियन खेळाडूने रेषेआधीच आनंदाने हात उंचावले आणि शतांश सेकंदाने सुवर्ण तैवानला गेलं.

सेऊलला हिवाळ्यात गेलात तर सिटी हॉलसमोरच्या चौकात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत बर्फाचं मैदान मांडलेलं असतं. तासाला एक हजार वॉन, म्हणजे साधारण साठ-पासष्ट रुपये, त्यातच बूट आणि हेल्मेट. दर २००४ पासून तोच. बुटांचं माप तिथे मिलिमीटरमध्ये सांगतात, तेव्हा पाऊल आधी मोजून ठेवा. हातमोजेही बरोबर असू द्या.